तोरसकरांचा चार्जर

वितळलेला एक्स्टेन्शन बोर्ड दशरथने जेवणाच्या टेबलावर बरोबर मधोमध, खाली वर्तमानपत्र घालून ठेवला होता. कुणी उचलायला गेलं की तो म्हणायचा, "असू दे तो. सगळ्यांना दिसू दे." त्यामुळे त्याच्या बायकोला, विमलाला, बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, सगळं त्या बोर्डाच्या कडेकडेनं मांडावं लागलं. बोर्डाचा काळा गोळा झाला होता आणि एक पिन अजून त्यात रुतून बसली होती.

आदल्या संध्याकाळी सर्वेशने, म्हणजे धाकट्या मुलाने, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडून बायकोची नवी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली होती. घरात एसी चालू, गिझर चालू. पंधरा मिनिटांत बोर्डातून धूर निघाला आणि दोरीवर वाळत घातलेल्या विमलाच्या गाऊनला नारळाएवढं भोक पडलं. विमलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, मग बोर्डावर ओलं पोतेरं टाकलं, आणि मगच ओरडली. दशरथने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या तासभर आधी घाटकोपरला मोठ्या मुलाला फोन करून "घर जळलं" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. हर्षद आणि त्याची बायको नलिनी घामाघूम होऊन मुलुंडला पोहोचले तेव्हा विमला शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

"बाबा, हे असं कोणी सांगतं का?" हर्षद अजून धापा टाकत होता. "नलिनी रिक्षात रडायला लागली."

"मी नाही रडले," नलिनी म्हणाली. "डोळ्यात धूळ गेली. पुलाचं काम चाललंय ना."

"अर्धं जळलं असतं तर अर्धं सांगितलं असतं," दशरथ म्हणाला. "जेवायला बसा. आज निकाल लावायचा आहे."

निकाल कशाचा ते सर्वेशने ताटावर बसल्या बसल्या सांगितलं. उद्या चार्जर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस खाली पार्किंगची जागा बघायला येणार होता, आणि त्याला आजच कळवायचं होतं, छोटा चार्जर की मोठा.

"छोटा," दशरथ म्हणाला.

"ऐकून तरी घ्या."

"ऐकतो. बोल. पण छोटा."

सर्वेशने महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते. एवढा अभ्यास त्याने दहावीलाही केला नव्हता, हे त्याच्या आईचं मत. त्याने हात पुसले आणि उजवीकडे मिठाची बरणी, डावीकडे लोणच्याची बरणी ठेवली.

"ही मिठाची म्हणजे छोटा. गाडीबरोबर फुकट आलाय. त्याला पंधरा अँपियरचं एक सॉकेट लागतं, बास. पण गाडी रिकामी असेल तर रात्रभर लावून ठेवायची. आणि हा लोणच्याचा, भिंतीवर बसवायचा. तुम्ही जेवून, झोपून, उठून चहा घेईपर्यंत गाडी जवळजवळ फुल. वायर दोन्हीला मीटर रूममधून वेगळी ओढायची, नीट अर्थिंग करून. कालच्यासारखं नाही."

"कालच्यासारखं कोणी केलं?"

"मी."

"हां. पुढं बोल."

"मोठ्याला ॲप पण आहे. मोबाईलवर दिसतं गाडी किती भरली ते."

"गाडी खाली, तू वर," हर्षद म्हणाला. "गॅलरीत उभा राहून बघ की. त्याला ॲप कशाला? बाबांचं बरोबर आहे. छोटा घ्या."

थोरल्या मुलाने बाजू घेतली म्हणून दशरथने त्याच्या ताटात बांगड्याचा अजून एक तुकडा वाढायला लावला.

टेबलाच्या टोकाला सर्वेशची बायको दीप्ती भराभर जेवत होती. तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून ती घरोघरी फिरायची, मुलुंड, भांडुप, कधी विक्रोळी. दोन वेळा सकाळ-संध्याकाळ, रविवारीसुद्धा. इतकी वर्षं खांद्याला मशीनची बॅग लावून रिक्षासाठी हात करत उभी राहायची. शेवटी लोकांचे खांदे बरे करता करता तिचाच उजवा खांदा धरला, तेव्हा तिने कुणाला न विचारता गाडी बुक केली होती. स्वतःच्या कमाईची. घरात आलेली पहिली गाडी.

"मला काय, चालती गाडी हवी," ती म्हणाली. "सर्वेश मोठा म्हणतोय तर मोठा. त्याने बघितलंय सगळं."

सर्वेशने तिच्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की तिला जरा नवलच वाटलं.

दशरथला चार्जरचं काहीच पडलेलं नव्हतं. त्याला पडली होती भिंतीची. जुनी चाळ पाडून ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हा बिल्डरने खोलीमागे फ्लॅट दिला आणि खाली स्टिल्टमध्ये, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, एक पार्किंग दिलं. गाडी नव्हती, म्हणून दशरथने तिथं कॅरम मांडला. मग वर ट्यूबलाइट आली, भिंतीला पंखा आला, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, कालनिर्णय आलं आणि शर्ट काढून अडकवायला खिळा. गिरणीतले जुने सोबती दुपारची झोप टाकून तिथं येऊन बसायचे. गिरणी सुटली, चाळ सुटली, त्यानंतर कुणालाही न विचारता जाऊन बसावं अशी दशरथची एवढीच जागा उरली होती. मोठा चार्जर नेमका त्याच भिंतीवर, पंख्याच्या जागी बसणार होता.

दाराची बेल न वाजवता शिवदास आत आला. तो चौथ्या मजल्यावर राहायचा, बायको गेल्यापासून एकटाच. सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि कॅरमचा भिडू. तिखल्याचा वास जिन्यात गेला की तो काहीतरी काम काढून उतरायचाच.

"ये शिवदास, बस," दशरथने खुर्ची ओढली. "बरा झाला तू इलंस. ह्यांका सांग, सोसायटी मोठ्या चार्जरला परवानगी देत नाय." आणि त्याने डोळा मारला.

शिवदासचं लक्ष बांगड्याकडे होतं. "देते की. का नाही देणार? आपली सोसायटी एकदम मॉडर्न आहे, दशा. कुठलाही चार्जर लावा."

दशरथने पुन्हा डोळा मारला.

"डोळ्यात काय गेलं रे तुझ्या?" शिवदासने भात कालवला. "फक्त एक अट. चार्जरच्या आसपास सामान ठेवायचं नाही. मी गणपतीतच सर्क्युलर काढलंय, लिफ्टजवळ लावलंय."

"सामान म्हणजे काय काय, काका?" सर्वेशने मुद्दाम विचारलं.

"हेच, खुर्च्या, टेबलं, पंखे..." शिवदासचा घास हातातच राहिला. "कॅरम," तो हळूच म्हणाला.

आपणच लिहिलेल्या कागदात आपणच सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते सगळ्यांनी नीट बघून घेतलं. मग शिवदास पाणी प्यायला आणि सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाला, "आता छोट्याचं कसं आहे, की तिथं नुसतं सॉकेट येणार. सॉकेट म्हणजे चार्जर नव्हे. सॉकेट म्हणजे सॉकेट. त्याला सर्क्युलर लागू नाही."

"ऐकलंस?" दशरथ सर्वेशला म्हणाला. "सोसायटी बोलली."

"दोन मतं छोट्याला," हर्षद हिशोब करत म्हणाला. "माझं धरून तीन."

पण त्याचं मत तिथं फार वेळ टिकलं नाही. नलिनी मघापासून लोणच्याच्या बरणीकडे बघत विचार करत होती. ती सरळ मनाची बाई होती. मनात आलेलं ओठावर यायला तिला मध्ये कुठलंच स्टेशन लागायचं नाही.

"भावोजी, जेवून झोपून उठेपर्यंत फुल होते म्हणालात ना? मग मोठाच बरा की. आम्ही रविवारी जेवायला आलो की आमचीही भरून होईल!"

"आमची काय?" विमलाने विचारलं.

हर्षदने टेबलाखालून बायकोच्या पायावर पाय दिला. तो चुकून शिवदासच्या पायावर पडला.

"आई गं!" शिवदास म्हणाला.

"गाडी हो," नलिनी म्हणाली. "ह्यांनी बुक केलीय ना, अशीच, विजेवरची. सांगितलं नाही का तुम्हाला? दिवाळीनंतर येईल."

"मी सांगणारच होतो," हर्षद म्हणाला.

"मग चार्जर घाटकोपरला तुमच्या बिल्डिंगीत लाव," दशरथ म्हणाला. "इथं कशाला?"

"आमच्याकडे परवानगी मिळत नाही, बाबा."

"कोण देत नाही?"

"चेअरमन."

विमला वाढता वाढता थांबली. "चेअरमन तूच ना रे?"

"म्हणूनच तर, आई!" हर्षदचा आवाज चढला. "तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने गेल्या वर्षी मागितली होती. मी सगळ्यांसमोर उभा राहून म्हटलं, आगीचा धोका आहे, हे चालणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. आता स्वतःला कुठल्या तोंडाने हो म्हणू?"

"म्हणजे आग इथं लागलेली चालते," दशरथ म्हणाला, आणि हर्षदच्या ताटाजवळचा बांगड्याचा टोप उचलून शिवदासकडे सरकवला.

हर्षदने घसा साफ केला. "नीट विचार केला तर, मोठ्यात सेफ्टी जास्त असते. सर्वेशचा अभ्यास आहे."

"थँक्स, दादा," सर्वेश म्हणाला. त्याला भावाचा राग आला होता, पण मत हवं होतं.

आता सर्वेश, दीप्ती, हर्षद, नलिनी सगळे लोणच्याकडे आणि मिठाकडे दशरथ एकटा. शिवदासला सेक्रेटरी म्हणून तटस्थ राहायचं होतं, शिवाय टोप त्याच्याजवळ होता. भांडणात दशरथ हरायला आला की आवाज वाढवायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आज त्याने आवाज वाढवला नाही. त्याला खरंच एक गोष्ट कळत नव्हती आणि ती त्याने साधेपणाने विचारली.

"माका एक सांगा. दीप्ती सकाळी गाडी घेऊन जाते. दुपारी जेवायला येते. परत जाते, ती रात्री घरी. बरोबर?"

"बरोबर," दीप्ती म्हणाली.

"मग रात्रभर गाडी काय करते?"

"उभी असते."

"मग रात्रभर तिला छोट्याला लावा. सकाळपर्यंत भरेल. दुपारची घाई कशाला?"

प्रश्न इतका सोपा होता की सगळ्यांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेशने सोलकढीची वाटी उचलली, रिकामी आहे हे बघितलं आणि तरी तोंडाला लावली.

"समजा, रात्री गाडी इथं नसली तर?" तो वाटीच्या आडून म्हणाला.

"नसली तर म्हणजे?" दीप्तीने विचारलं. "कुठं जाईल?"

"समजा म्हटलं."

"सर्वेश."

तिच्या त्या एका हाकेत नवऱ्याला पुढचं सगळं ऐकू आलं. त्याने वाटी खाली ठेवली.

"मला पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी आहे," तो म्हणाला. तो अंधेरीला, विमानाने येणाऱ्या मालाच्या गोदामात सुपरवायझर होता. "प्रमोशनबरोबरच आलीय. मला वाटलं, तू रात्री गाडी लावलीस की मी घेऊन जाईन, सकाळी तू निघायच्या आत परत आणीन. मग चार्ज करायला फक्त दुपार उरते. म्हणून मोठा."

"म्हणजे सकाळी मी, रात्री तू, आणि दुपारी गाडी भिंतीला टांगलेली."

"तसं नाही गं."

"कसं आहे मग? मी चार वर्षं पैसे साठवले. शोरूममध्ये मी गेले, रंग मी ठरवला. तू म्हणालास, दीप्ती, चार्जरचं मी बघतो, तू टेन्शन नको घेऊस. मला वाटलं, काय गुणी नवरा आहे! महिनाभर व्हिडिओ बघतोय माझ्यासाठी!" तिने ताट पुढे सरकवलं आणि सासऱ्याकडे वळली. "बाबा, मी तुमच्या बाजूला. छोटा."

दशरथ दचकला. लग्न होऊन घरात आल्यापासून सून त्याच्या बाजूला कधीच आलेली नव्हती. त्याच्या आखडलेल्या उजव्या खांद्याचे व्यायाम तो करत नाही यावरून दोघांची रोज जुंपायची. आता ही मदत कशी घ्यायची हे त्याला समजेना. तो नुसताच म्हणाला, "जेव गो. भात घे."

"पिकअपची गाडी येते ना तुमच्याकडे?" हर्षदने विचारलं. "रात्रपाळीला तर कंपनी घरापर्यंत सोडते."

"सोडते. पवई, कांजूर, भांडुप, सगळ्यांना सोडत सोडत शेवटी मला. घरी यायला नऊ-सव्वानऊ." सर्वेशने दीप्तीकडे बघितलं नाही, तो मिठाच्या बरणीशी बोलत होता. "तोवर ही गेलेली असणार. दुपारी ही येणार तेव्हा मी झोपलेला. रात्री ही येणार तेव्हा मी बूट घालत असणार. गाडी हातात असली तर आठच्या आत पोहोचलो असतो. एक चहा झाला असता एकत्र. बाकी मला तुझ्या गाडीचं काय करायचंय?"

नलिनीच्या डोळ्यांत पुन्हा धूळ गेली. या वेळी घरात पुलाचं काम चालू नव्हतं.

दीप्तीला राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून निसटत होता. "हे असं सांगायचं होतंस ना मग," ती म्हणाली. "त्यात चार्जर कशाला आणलास मध्ये?"

"एकदम कसं सांगणार?"

"तोंडाने!"

विमला इतका वेळ उभीच होती. वाढणारं माणूस उभं असतं म्हणून त्याचं मत कुणी विचारत नाही, याची तिला सवय होती, आणि त्याचा फायदाही. उभ्याने जास्त दिसतं. तिने पदराला हात पुसले, मिठाची बरणी उचलली आणि टेबलाच्या मध्ये, जळक्या बोर्डाच्या बाजूला ठेवली.

"छोटो," ती म्हणाली.

"आई, पण—"

"गप रव. रातभर जागून पहाटेचो गाडी चालवतलो? आरेच्या रस्त्यान? डोळो लागलो म्हणजे? माका सकाळी चहा उतू जायपर्यंत जीव मुठीत धरून बसाक नको. तू कंपनीच्या गाडीन येवचा, झोपत येवचा." मग ती सुनेकडे वळली आणि तिची भाषाही वळली. "आणि दीप्ती, तू सकाळी थोडी उशिरा निघ. हा आला की चहा पिऊन जा. तुझा पहिला पेशंट तेवढ्या वेळात काही मरत नाही."

"फिजिओथेरपीत कोणीच मरत नाही, आई."

"मग प्रश्नच मिटला."

हर्षदने तोंड उघडलं. "मग आमच्या गाडीचं—"

"तू आधी तुझ्या चेअरमनला विचार," विमला म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

दशरथ जिंकला होता. जिंकल्यावर त्याला काहीतरी अजून मागावंसं वाटायचं, म्हणून त्याने मागितलं. "गाडी रात्री ठेवा. पण दुपारी एक ते चार जागा माझी. तेव्हा गाडी बाहेर रस्त्यावर."

"बाबा, ऑक्टोबरचं ऊन आहे," सर्वेश म्हणाला.

"चालेल," दीप्ती म्हणाली. तिने शब्द दिला होता, बाजू घेतली होती, आता मागे हटणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सगळे पांगल्यावर विमला जळक्या दोरीवर कपडे घालायला गॅलरीत आली. हर्षद आणि नलिनी आतल्या खोलीत हळू आवाजात भांडत होते. खाली स्टिल्टच्या तोंडाशी तिला दशरथची खुर्ची आणि अर्धा कॅरम दिसत होता. तो कॅरमवर बोरिक पावडर टाकत होता, मग सोंगट्या मांडत होता, मध्ये राणी, भोवती काळी-पांढरी. मांडून झाल्यावर तो हात मांडीवर ठेवून बसला.

कुणी आलं नाही. शिवदास तिखलं खाऊन वर झोपला होता. बाकीचे तर यायचे कधीच थांबले होते. एक मुलाकडे विरारला गेला, एकाचे गुडघे गेले, एक स्वतःच गेला. पावसाळ्यापासून विमला रोज बघत होती. कधी शिवदास यायचा, कधी तोही नाही. मग दशरथ डाव्या हाताने एका बाजूचं आणि उजव्या हाताने दुसऱ्या बाजूचं खेळायचा, आणि घरी येऊन सांगायचा, "आज काय गेम झाला गो! शेवटच्या सोंगटीपर्यंत!" ती विचारायची, कोण जिंकलं. तो म्हणायचा, मीच.

मुलांसमोर हे बोलायचं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिने चिमटे लावले आणि आत जाऊन चहा ठेवला.

सॉकेट बसलं. वायर मीटर रूममधून नळीतून आली, त्याला छोटं झाकण आणि कुलूप आलं. शिवदासने सोसायटीतर्फे त्याच्यावर लिहवून घेतलं, "सॉकेट". सर्वेश रात्रपाळीला जाऊ लागला, सकाळी कंपनीच्या गाडीतून पेंगत उतरू लागला, आणि दीप्ती भरलेला कप त्याच्यापुढे ठेवून समोर बसू लागली. पहिल्या दिवशी दोघांना बोलायला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी ते चहाच्या साखरेवरून भांडले. सगळं सुरळीत झालं.

दुपारी एकला मात्र दीप्ती ठरल्याप्रमाणे गाडी कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यावर लावायची. तिथं सावली नावालाही नव्हती. चारला परत जायला आली की स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही. ती ओढणी गुंडाळून गाडी चालवायची. दशरथ खुर्चीवरून हे बघायचा. पहिले काही दिवस त्याने मान फिरवली.

मग एका दुपारी ती हँडब्रेक ओढत होती तेव्हा काचेवर टकटक झाली. दशरथ उन्हात उभा होता, डोक्यावर रुमाल टाकून.

"आत घे," तो म्हणाला.

"एक ते चार तुमची जागा आहे, बाबा."

"माझीच आहे. म्हणून तर सांगतोय आत घे. बॅटरी तापते म्हणे उन्हात."

"आणि तुमचा गेम?"

"आज..." दशरथने रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. "आज सगळे कामात आहेत."

दीप्तीने त्याच्याकडे नीट बघितलं. रुमालाखालून घामाच्या धारा येत होत्या आणि त्याने उजवा हात शरीराशी धरून ठेवला होता. तिला काहीतरी समजलं. सगळं नाही, पण पुरेसं. तिने गाडी चालू केली.

दशरथने कॅरमबोर्ड भिंतीला उभा केला, खुर्च्या एकात एक घातल्या आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही पाय फाकून उभा राहिला. गाडीला मागचा कॅमेरा होता, सगळं पडद्यावर दिसत होतं. तरी सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडायला लागला, "येऊ दे! येऊ दे! डावी मार! अगो डावी! येऊ दे, येऊ दे... बास! बास!!" तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता आणि भलतंच समाधान.

दीप्तीने वायर लावली. मग दुसरीकडचं दार उघडून म्हणाली, "बसा जरा. एसी लावते. चार्जिंगला असली की बॅटरी उतरत नाही."

"नको. माझे पाय घाणेरडे."

"बसा हो."

त्याने चपला काढून बाहेर भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि आत बसला, देवळात बसावं तसा. दीप्ती जेवायला वर निघाली तेव्हा जिन्यात शिवदास भेटला. आरडाओरडा ऐकून काय झालं ते बघायला तो बनियनवर उतरत होता.

"दशा कुठं आहे?"

"गाडीत," ती म्हणाली.

चारला ती खाली आली तेव्हा पुढची सीट आडवी होती आणि दशरथ तोंड उघडं टाकून झोपला होता. मागे शिवदास जागा होता आणि थंड हवेच्या जाळीसमोर बोटं धरून बसला होता. तिने काचेवर टकटक केली. "उठा बाबा. पेशंट आहे."

दशरथने एक डोळा उघडला. "कुठं?"

"मिठागर रोडला. मग नाहूरला."

त्याने शिवदासकडे बघितलं. शिवदासने बनियन सारखं केलं.

"लांब नाय तसा," दशरथ म्हणाला आणि पट्टा शोधायला लागला.

वर विमलाने चहा गाळला आणि हाक मारायला खाली उतरली. स्टिल्टच्या तोंडाशी गाडी नव्हती. नवराही नव्हता. वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली होती आणि रिकाम्या जागेत, भिंतीशी, चपलांचे दोन जोड उभे होते. एक दशरथचा, एक शिवदासचा. ती थोडा वेळ त्या चपलांकडे बघत राहिली. मग तिने सुनेला फोन लावला.

"अगं दीप्ती, त्यांच्या चपला इथंच राहिल्यात. रस्ता तापलाय. त्यांना कुठं उतरू देऊ नकोस."

पलीकडून आधी दोघा म्हाताऱ्यांचा एकदम बोलण्याचा आवाज आला, कुठल्या गल्लीतून वळायचं यावरून जुंपली होती. मग दीप्ती म्हणाली, "काळजी नको, आई. मिठागर रोडचा पेशंट झाला, तरी उतरत नाहीयेत ते."